मापांची वही

छाती बत्तीस. कंबर चोवीस. उंची पाच फूट चार.
डावा खांदा किंचित खाली, लक्षात ठेवणे.
अठ्ठावन्न सालचं हे पान. पेन्सिल अजून वाचता येते.

यंग्सटाउनच्या पोलाद गिरणीतल्या क्रेनवाल्याची मुलगी,
थिओडोरा ह्राबॉव्स्की.
एवढं नाव थिएटरच्या पाटीवर मावेना,
म्हणून एजंटाने ते आखूड केलं,
मी परकर आखूड करते तसं. फक्त
आत दुमडून ठेवलं नाही, कापूनच टाकलं.
थिया रॅब.
आईने पत्रातून विचारलं म्हणे, ही कोण?

न्यूयॉर्कला दोनशे अकरा रात्री ती विंगेत उभी.
दुसरीचे संवाद ओठांत घोळवत,
जसं कुणी दुसऱ्याच्या घरातलं मूल झोपवावं.
मग एका बुधवारी नायिकेला ताप भरला.
दुपारचा खेळ. न्यूजर्सीहून आलेल्या बायका,
ओले रबरी बूट, मांडीवर कागदी पिशव्या.
झगा दुसरीच्या मापाचा.
मी पाठीला अठरा टाचण्या लावल्या.
त्यातली एक, दुसऱ्या अंकात ती गुडघे टेकते तिथे,
आत शिरली.
आवाज हलला नाही तिचा.
बायका रडल्या. त्यांना वाटलं, अभिनय.
रात्री अस्तरावर मसुराएवढा डाग.
थंड पाण्याने धुतला. पूर्ण गेला नाही.

टेलिव्हिजनने तिला नर्सचा गणवेश दिला.
तेव्हाच्या कॅमेऱ्याला पांढरं सोसायचं नाही,
डोळे दिपायचे त्याचे, म्हणून गणवेश
मी चहाच्या पाण्यात बुडवायचे.
अकरा वर्षं, रोज दुपारी दोनला,
सगळ्या देशाने तो शुभ्र म्हणून पाहिला.
वास आम्हा दोघींनाच ठाऊक.
दुकानात लोक तिला गुडघे दाखवायचे.
एक म्हातारा तर शर्टाची बटणंच सोडू लागला.
तिने सगळं ऐकून घेतलं. "मीठ कमी करा," म्हणाली.
बाहेर आल्यावर मला म्हणाली,
इनेझ, एवढं कुणालाही सांगता येतं.

कंबर सव्वीस. साडेसत्तावीस. शिवण उसवली,
आतलं राखीव कापड सोडलं.

पगार वाढवून मागितला त्याच शुक्रवारी
लेखकाने तिला लिफ्टच्या पोकळीत ढकललं.
आठ महिन्यांत पत्रांच्या गोणी आल्या,
तेव्हा ती जुळी बहीण होऊन परतली.
तीच ती, फक्त भांग उजवीकडे.

मग आया. मग आत्या. मग कवळीच्या पावडरीची जाहिरात,
ज्यात फक्त तिचे दात दिसले,
जे तिचे नव्हते.

सत्तरीत, पिट्सबर्गला, एका लॉन्ड्रीच्या माडीवर
साठ खुर्च्यांच्या नाटकघरात ती राणी झाली.
खाली यंत्रं गरगरायची, वर सिंहासन थरथरायचं.
एका रात्री ती ओळ विसरली.
विसरली आणि थांबली,
इतकी थांबली की मी विंगेत हातातली सुई टोचून घेतली.
मग मान कलती करून तिने खालची घरघर ऐकली.
"समुद्र जवळ आला," म्हणाली.
नाटकात समुद्र नव्हता.
पेपरवाल्याने नेमकी तीच ओळ उचलली.

शेवटी इस्पितळाचा झगा. कुणाच्याच मापाचा नाही.
पाठीच्या नाड्या कोवळ्या नर्सने वाकड्या बांधलेल्या,
आणि तिला मनगटातली नाडीही सापडेना.
थियाने तिची बोटं धरून योग्य जागी ठेवली.
तुम्ही नर्स होता का पूर्वी? पोरीने विचारलं.
"अकरा वर्षं."
ती गेल्यावर मी नाड्या सोडून पुन्हा बांधल्या.
डावी बाजू जरा वर.

अजून तिच्या नावाचे चेक येतात माझ्या पत्त्यावर.
एक डॉलर चौदा सेंट.
कुठल्यातरी देशात दुपारचे दोन वाजलेत,
ती कुणाच्यातरी उसन्या आवाजात
कुणाचातरी ताप बघते आहे.
मी वटवत नाही. वहीत सरकवते,
चोवीस कंबरेच्या पानापाशी.
वही आता नीट मिटत नाही.